व्यापारातील एकी आणि स्पर्धेचा कायदा

(उपनगर शाखेच्या वार्षिक सभेतील भाषण)



या व्यासपीठावरून एकीचे गुणगान करण्याचा प्रघात आहे. आज आम्ही किंचित उलट बोलणार आहोत. व्यापारातील कोणती एकी कायद्याला मान्य नाही, हे घाटकोपर-मुलुंडपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत दुकाने मांडून बसलेल्या आपल्या सभासदांनी जाणणे अगत्याचे आहे.

प्रथम मोठ्यांची गोष्ट. 1969 च्या मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमाची नजर मुख्यतः उद्योगाच्या आकारावर होती. मोठ्या कंपनीला दुसरी पोटात घ्यावयाची तर सरकारची पूर्वसंमती लागे. 1991 साली ही अट गेली. पुढे ‘हमाम’ व ‘501’ हे साबण करणारी टाटा ऑइल मिल्स हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन होऊ लागली, तेव्हा कामगार संघटनेने हरकत घेतली. परंतु 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. पूर्वसंमतीचे कलमच उरले नव्हते! (हीच लिव्हर आज हिंदुस्थान युनिलिव्हर या नावाने अंधेरीस चकाला येथे आहे.)

2002 च्या स्पर्धा अधिनियमाने हे दार पुन्हा बसविले. मात्र विलीनीकरणाविषयीची कलमे 1 जून 2011 रोजी अमलात आली. 2014 साली सन फार्माने (तिचे मुख्य कार्यालय आज गोरेगावी आहे) रॅनबॅक्सी घेण्याचे ठरविले. दोन्ही कंपन्यांचा मिळून वाटा देशाच्या औषधबाजारात दहा टक्क्यांच्या आतच होता. मग अडचण कोणती? आयोगाने एकंदर बाजारावर न थांबता एकेक औषध तपासले, आणि आमच्या मते हेच खरे शहाणपण. रक्तदाबाच्या रोग्याला पोटाचे औषध स्वस्त मिळून काय लाभ? सात औषधे दुसऱ्यास विकावीत, या अटीवर डिसेंबर 2014 मध्ये संमती मिळाली. ती औषधे पुण्याच्या एम्क्युअर कंपनीने घेतली.

आता आपल्या घरची गोष्ट. तिसरे कलम केवळ कारखानदारांना लागू नाही. व्यापाऱ्यांच्या संघाने केलेला ठरावही त्यात सापडतो. भाव ठरविणे, माल रोखणे, गिऱ्हाईक वा विभाग वाटून घेणे, या सर्वांनी स्पर्धेस बाध येतो असे कायदा गृहीतच धरतो. औषधविक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेचे प्रकरण याच स्वरूपाचे. संघटनेच्या ना-हरकत पत्रावाचून कंपनीने नवा घाऊक विक्रेता नेमू नये, हा दंडक 2013 साली आयोगाने कायद्याविरुद्ध ठरविला. लहान दुकानदाराचे रक्षण हा त्यामागील हेतू सांगितला जाई. तो हेतू आम्हांस खोटा वाटत नाही. पण नव्याने दुकान घालू पाहणारा तरुणही लहानच असतो, आणि तो कदाचित आपल्याच ज्ञातीचा असतो.

म्हणून आमची विनंती स्पष्ट आहे. वधूवर मेळावा, विद्यार्थ्यांचे साह्य, आजाऱ्यास मदत यांसाठी हे सभागृह सदैव खुले असावे. पण सभा संपल्यावर चहाच्या पेल्याभोवती चार दुकानदार भावाविषयी ‘एकमत’ करू लागले, तर कार्यवाहांनी त्यांस तेथेच थांबवावे. लेखी करार नव्हता, हा बचाव चालत नाही. तोंडी समजूतही करारच मानली जाते. शिवाय दंड संस्थेपुरता राहत नाही, जबाबदार पदाधिकाऱ्यांवरही बसू शकतो. आणि आयोगाकडे माहिती देण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीस आहे, आपल्या गिऱ्हाइकासही.