घरची मोटार आणि गावची एसटी

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथील भाषणाचा मजकूर)



आष्टीच्या ग्रामस्थाला तहसील कचेरी व रेल्वेसाठी परतूरला आणि जिल्हाधिकारी कार्यालयासाठी जालन्याला जावे लागते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. जिल्ह्याचे ठिकाण बदलले, तरी कामासाठी गावाबाहेर जाण्याची गरज कायम राहिली. हा प्रवास कोणत्या वाहनाने करावा, हा प्रत्येक कुटुंबाच्या अर्थकारणाचा प्रश्न आहे.

२५ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या दराने साध्या एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यास सुमारे १० रुपये झाले. म्हणजे २४ किलोमीटरसाठी सुमारे ४० रुपये. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या मोटारीस तेवढ्याच अंतरासाठी १.६ लिटर पेट्रोल लागते. भाव १०० रुपये धरला तरी १६० रुपये होतात. चौघे एकत्र निघाले तर इंधनाचा खर्च एसटीच्या बरोबरीला येतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु कर्जाचा हप्ता व विमा हे खर्च मोटार दारात उभी असतानाही चालूच राहतात. पाऊस हुकलेल्या वर्षी सावकार थांबत नाही, तसा हप्ताही थांबत नाही.

एसटीत सवलतींचाही लाभ आहे. २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे, अशा योजना लागू झाल्या. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो.

मात्र शाळा सुटल्यावर परतीची बस नसेल, तर मोफत पासाचा उपयोग काय? अशा वेळी बाप कर्ज काढून दुचाकी घेतो, किंवा मुलीची शाळाच बंद होते. बस स्वस्त असणे पुरेसे नाही. ती वेळेवर असणेही आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळातील संपात एसटीची चाके थांबली, तेव्हा ज्याच्या दारी वाहन नाही त्याला एसटीचे मोल पटले.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे महामंडळाचे ब्रीद आहे. ते सार्थ करण्यात गावाचाही वाटा आहे. मुख्याध्यापकांनी वर्ष संपण्यापूर्वी पुढील वर्षी पास लागणाऱ्या विद्यार्थ्यांची गावनिहाय यादी करावी. १ मेच्या ग्रामसभेत शाळेच्या वेळा नमूद करून फेरीच्या मागणीचा ठराव घ्यावा व तो आगार व्यवस्थापकांकडे पाठवावा. ग्रामपंचायतीने बस वळण्याची जागा मोकळी ठेवावी व थांब्यावर निवारा उभारावा. फेरी सुरू झाल्यावर ग्रामस्थांनी तिचा नियमित वापर करावा, कारण रिकामी धावणारी गाडी फार दिवस टिकत नाही.

ज्याला मोटार परवडते त्याने ती अवश्य घ्यावी. परंतु बस नाही म्हणून कोणावर कर्ज काढण्याची वेळ येऊ नये, एवढी दक्षता गावाने घेतली पाहिजे.