देवळाचा जीर्णोद्धार आणि गावाचा बांध
(कलशारोहणाच्या दिवशी सभामंडपात केलेले भाषण)



श्री देव रवळनाथाच्या देवळावर आज नवा कलश चढला. ज्यांनी हजारांनी दिले त्यांचे आणि ज्या माउलींनी शेंगदाण्याच्या पुरचुंडीतले पाच-दहा रुपये सोडले त्यांचेही देवाने सारखेच मानून घेतले आहे. आभाराचे काम चिटणीस करतील. मला ‘जीर्णोद्धार’ या विषयावर बोलायला सांगितले आहे. मी तुम्हांला जरा दूर, चिपळूण तालुक्यात तिवरे गावी घेऊन जातो. तिथे मी नुकताच जाऊन आलो.

तिवरे म्हणजे सह्याद्रीच्या अगदी पायथ्याचे गाव. वाशिष्ठी नदी त्याच डोंगरांत उगम पावते आणि चिपळुणावरून दाभोळच्या खाडीला मिळते. या गावाच्या वर मातीचे धरण होते. २ जुलै २०१९ च्या रात्री, मुसळधार पावसात, ते फुटले. खाली भेंदवाडी होती. माणसे जेवून निजायच्या बेतात होती. वीसहून अधिक जीव त्या लोंढ्यात गेले. काही घरांतले तर दिवा लावायलासुद्धा कोणी उरले नाही.

इतक्या वर्षांनी तिथे जाणाऱ्याला नदी पाहून नवल वाटते. उन्हाळ्यात पोर सहज पलीकडे जाईल एवढी ती ओढाळ. हिने वाडी नेली यावर विश्वास बसत नाही. पण बंधूंनो, वाडी नुसत्या नदीने नेली नाही. धरणाला गळती आहे, अशी तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. दुखणे ठाऊक होते, उपाय वेळेवर आणि पुरता झाला नाही. मातीच्या बांधातून पाणी पाझरते तेव्हा ते सोबत मातीचा कण कण घेऊन जाते. गळतीचे पाणी गढूळ झाले की समजावे, बांध आतून पोकळ होत चालला.

त्या वेळी एक विधान फार गाजले, की खेकड्यांनी धरण पोखरले. मुंबईत लोक हसले. आपल्याला हसण्याचे कारण नाही. आपण खाडीकाठची माणसे. कुर्ली बांधात बीळ करते हे आपल्या पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून तर आपले वाडवडील दर साल मृगाच्या आधी खारबांधावर उतरत, बिळे बुजवत, चिखल मळून वर दगड चढवत, पाण्याच्या दाराची झडप तपासत. कुर्लीने बीळ करायचे आणि माणसाने ते बुजवायचे, हा जुना हिशेब आहे. बांध फुटला तर विचारावे, बुजवणारा कुठे होता?

१९७९ साली खारजमीन विकासाचा कायदा झाला. सरकारने बांधाकडे लक्ष द्यावे हे योग्यच. पण त्याबरोबर आपण टोपली आणि कुदळ खाली ठेवली ती ठेवलीच. आपल्या तालुक्यात गड नदी कालावलच्या खाडीला मिळते, कर्ली देवबागपाशी समुद्राला मिळते. वरून नदीचा लोंढा आणि खालून उधाणाची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट नसते. २२ जुलै २०२१ ला त्याच वाशिष्ठीने चिपळूण शहर बुडवले, तेव्हा पावसाच्या जोडीला भरतीही होती. आपला खारबांध अशा दिवशी खचला, तर मळ्यात खारे पाणी शिरेल आणि दोन-तीन वर्षे तिथे भात होणार नाही. खालच्या वाडीतल्या घरांचे काय होईल, ते मी या मंगल दिवशी बोलत नाही.

तिवऱ्याची आणखी एक गोष्ट सांगतो. बेघर झालेली कुटुंबे बरेच दिवस पत्र्याच्या कंटेनरांत राहिली. पुढे अलोरे येथे त्यांना पक्की घरे मिळाली, पहिल्या टप्प्यात २४. त्या घरांसाठी पाच कोटी रुपये दिले ते मुंबईच्या श्री सिद्धिविनायक मंदिर न्यासाने. भक्तांनी गणपतीपुढे ठेवलेला पैसा बुडालेल्यांच्या डोक्यावर छप्पर होऊन उभा राहिला. देवाचा पैसा देवळालाच लागावा, असे आपल्यातले काही वडीलधारे म्हणतात, आणि त्यांचा भाव मी जाणतो. पण मी विचारतो, वाहून गेल्यावर घर बांधणे जर देवकार्य आहे, तर वाहून जाऊ नये म्हणून बांध राखणे देवकार्य का नव्हे?

माझ्या तीन सूचना आहेत. देवळाच्या निधीला हात न लावता, देणगीदारांच्या संमतीने, बांधासाठी वेगळी पावतीवही उघडावी. दुसरी, दर साल मृगापूर्वी देवाला गाऱ्हाणे घालून झाले की मानकऱ्यांसह सगळ्या गावाने बांध चालत पाहावा. आपल्या हातून होईल ते त्याच दिवशी करावे. तिसरी, होणार नाही त्याचा अर्ज खात्याकडे द्यावा, त्याची पोच देवळाच्या दप्तरात ठेवावी आणि काम होईपर्यंत दर महिन्याला दोन माणसांनी कचेरीत जावे. तक्रार तिवऱ्यानेही केली होती. तक्रार करून घरी बसणे पुरत नाही.

आपल्या देवळाचे वासे वाळवीने खाल्ले, हे दिसताच आपण कौले उतरवली. छप्पर कोसळण्याची वाट पाहिली नाही. याचेच नाव जीर्णोद्धार. जे उभे आहे ते उभे असतानाच सावरायचे. आज देवळाचे झाले, आता बांधाचे होऊ द्या.

गाऱ्हाण्यात आपण म्हणतो, देवा, गावाची राखण कर. तो करतोच आहे. त्याच्या हाताला आपलाही हात लागो, एवढे मागून मी माझे दोन शब्द संपवतो.

होय महाराजा!