घरची गोधडी
(तळेगाव दाभाडे येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही गोधडीविषयी बोलणार आहोत. कोल्हापूर-साताऱ्याकडे तिला वाकळ म्हणतात. कर्नाटकात कौदी म्हणतात, बंगालात कांथा. नावे निराळी, पण जुन्या कापडाचे अंथरूण-पांघरूण करायची युक्ती एकच.

आपल्या मावळात पाऊस फार. लोणावळ्याकडे तर भिंतीसुद्धा ओल धरतात. पाऊस सरला की थंडी येते. मग बाजारची गादी उधारीने आणायची आणि वर्षभर पैसे फेडत बसायचे, असे काही घरी आम्ही पाहिले आहे. त्याच घरात जुन्या लुगड्यांचे बोचके माळ्यावर पडलेले असते!

ते बोचके आधी सोडा. सुती कापड एका बाजूला काढा, नायलॉनचे दुसऱ्या बाजूला. नायलॉन घाम टिपत नाही. शिवाय चुलीची ठिणगी पडली तर ते वितळते आणि कातडीला चिकटते. गोधडीला सुतीच घ्यावे. तेही पेट घेते, म्हणून अंथरूण चुलीपासून लांबच बरे.

आता हिशोब बघा. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार. एका वाराचे दोन हात. म्हणजे लुगडे अठरा हात झाले. पाच-पाच हातांचे तीन तुकडे केले, की पंधरा हात गेले. तीन हात उरले. ते ठिगळांना ठेवा. हे झाले तीन थर. मधे जुन्या धोतराचे आणखी दोन थर घाला. एका माणसाची गोधडी झाली. विरलेला भाग मात्र मधल्या थरात टाका, वर घेऊ नका. काठ आधी उसवून ठेवा, ते कडेला शोभतात.

कापड धुऊन कडक उन्हात वाळवा. सारवलेल्या कोरड्या जमिनीवर थर अंथरा. चार कोपऱ्यांवर दगड ठेवा. मग लांब लांब कच्चे टाके घाला. हे काम पुष्कळ जणी टाळतात, आणि मग गोधडीला मधेच फुगा येतो. कच्चे टाके झाले की कडेपासून धावदोरा सुरू करा. चारी बाजूंनी फिरत फिरत मधे यायचे. दोरा दुहेरी घ्यावा, पण फार लांब घेऊ नये. गुंता होतो.

तुकड्या-तुकड्याने मोठे काम होते, हे तळेगावकरांना काय सांगावे? अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागितला. त्या पैसा फंडातूनच १९०८ साली इथे काचेचा कारखाना निघाला.

आता एक जुनी गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका बाईने दुसऱ्याची गोधडी शिवून दिली. रोज दुपारी बसत होती, दिवस किती गेले ते मोजले नाहीत. मजुरीही आधी ठरवली नव्हती. गोधडी नेणारा म्हणाला, "चिंध्या तर आमच्याच होत्या!" आणि थोडे पैसे हातावर ठेवून गेला. बाई गप्प बसली. पुढे ती वर्गाला येऊ लागली. आता ती भिंतीवरच्या कॅलेंडरात रोजचे तास लिहिते. दोऱ्याचा खर्च खाली लिहिते. मजुरी आधी बोलते, मगच सुई हातात घेते. गिऱ्हाईक एखादे कमी झाले, पण फुकटचे काम थांबले.

तान्ह्या बाळासाठी जुन्या लुगड्याचे पातळ दुपटे शिवावे. जड गोधडी त्याच्यावर घालू नये आणि तोंडावर कापड येऊ देऊ नये. श्वास कोंडतो.

राहिले धुणे. नवरात्राआधी आपण सगळे अंथरूण नदीवर काढतोच. ओली गोधडी फार जड होते. दोघींनी दोन टोके धरून पिळावी. एकटीने हिसडली तर टाके तुटतात. मग दोन दिवस उन्हात उलटसुलट वाळवावी. आत ओल राहिली तर वास येतो, आणि केलेली सगळी मेहनत बुरशी खाते.