भट्टी कुणाची?
(शिरूर-दौंडच्या पोरांपुढं केलेलं भाषण)

दोस्तांनो,

मी गोदीत ओझी वाहतो. शिक्षण मॅट्रिक. लोखंड मला खांद्यावरच्या वजनानं ठाऊक. आज ते दगडातून कसं निघालं, त्यावर बोलतो.

तुमच्या शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही माणसं. निघालं काय? राजाचा महाल नाय. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० पर्यंतची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तांब्याची छिन्नी, गळ, बांगड्या मिळाल्या, पण थोड्याच. दगडी पाती मात्र ढिगानं. कारण आपल्या काळ्या कातळात कामापुरतं तांबं नाय. ते बाहेरून यायचं.

दगडातून तांबं निघतं कसं? हिरवा तांबेदगड फोडायचा, कोळशात घालायचा, भाता मारायचा. कोळशातून निघणारा वायू दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो, मागं धातू उरतो. तांबं वितळतं १०८५ अंशांवर. लोखंडाला १५३८ लागतात. तेवढी आच जुन्या मातीच्या भट्टीत नव्हती. म्हणून लोखंड पातळ होत नसे, मळीनं भरलेला गोळा निघायचा. तो तापवायचा, ठोकायचा, परत तापवायचा. नागपूरकडं नायकुंडला अशी लोखंडाची भट्टी उत्खननात सापडली आहे.

म्हंजे ही विद्या पोथीत नव्हती. भाता किती दाबायचा, जाळाचा रंग कधी बदलतो, हे हाताला आणि डोळ्याला कळत होतं.

आता ऐका. इनामगावात सधन शेतकऱ्यांची घरं मधोमध आणि कारागिरांची पश्चिमेच्या कडेला, असं ढवळीकर मांडतात. तेव्हा जात होती असं मी म्हणत नाय, तसा पुरावा नाय. पण कडेला बसलेला माणूस मला लगेच ओळखू आला. पुढं जातीनं त्याचा घाम ठेवला न् शास्त्र काढून घेतलं. ठोकणारा अडाणी ठरला, आणि ज्यानं कधी भाता धरला नाय तो पंडित.

उद्या तुम्ही रांजणगावच्या कारखान्यांच्या गेटावर उभे राहाल. तुमच्या हातात झाडू देतील, मशीनला हात लावू देणार नाहीत. तेव्हा नुसती हजेरी मागू नका. भट्टी किती अंशांवर चालते ते विचारा. का चालते तेही विचारा. नाय सांगितलं तर रात्री पुस्तक उघडा, चौघं मिळून वाचा.

आपल्याला मजुरी पाहिजेच. त्याबरोबर शास्त्रही पाहिजे.

जय भीम.