कागदावरचा कापूस

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



दोस्तांनो, मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. इंजिनीअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतोय. संयोजकांनी 'कम्युनिस्ट राजवटी का कोसळल्या' या विषयावर बोलाल का असं विचारलं, तेव्हा मी होकार दिला. कारण या विषयाचा एक तुकडा मी माझ्या रोजच्या कामात पाहिलेला आहे.

आमच्याकडे दर सोमवारी प्रोजेक्टचा अहवाल वर जातो. काम वेळेवर असेल तर हिरवा रंग, अडचण असेल तर पिवळा, मोठी अडचण असेल तर लाल. काही वर्षांपूर्वी मी एका प्रोजेक्टचा टीम लीड होतो. काम सहा आठवडे मागे पडलं होतं आणि तरी मी सलग पाच सोमवार हिरवा रंग भरला. कारण त्याआधी एका सहकाऱ्याने लाल भरला होता आणि त्याला सगळ्यांसमोर झापलं गेलं होतं. माझा हिरवा रंग माझ्या साहेबांनी त्यांच्या साहेबांकडे हिरवाच पाठवला. शेवटी ग्राहकाला काम देण्याची तारीख उजाडली आणि सगळं उघडं पडलं. चूक माझी होती, ती मी आज तुमच्यासमोर कबूल करतो. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात राहिला. एखादा अख्खा देशच असा चालवला तर काय होईल? वाचत गेलो तेव्हा कळलं की असे देश होऊन गेलेत. त्यातल्या एकाच गोष्टीबद्दल आज बोलतो. ती गोष्ट उझ्बेकिस्तानातल्या कापसाची आहे.

ताश्कंद हे नाव आपल्याला लालबहादूर शास्त्रींमुळे माहीत असतं. १० जानेवारी १९६६ रोजी तिथे भारत-पाकिस्तान करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजींचं तिथे निधन झालं. तेव्हा उझ्बेकिस्तान हे सोव्हिएत संघातलं एक प्रजासत्ताक होतं. बहुसंख्य लोक मुस्लीम, आणि सत्ता कम्युनिस्ट पक्षाची.

आधी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज रशियाचं कौतुक करणाऱ्यांना हसणं सोपं आहे. पण आपले बार्शीचे शाहीर अमर शेख, म्हणजे मूळचे मेहबूब हुसेन पटेल, याच लाल झेंड्याखाली गायले. अण्णाभाऊ साठे १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. या माणसांनी भूक पाहिली होती, जात सोसली होती. जिथे कामगाराला मान आहे असा एक देश जगात आहे, ही गोष्ट त्यांना आधार देणारी होती. आणि त्यात काहीच खरं नव्हतं असंही नाही. मध्य आशियात जिथे फार थोड्यांना लिहिता-वाचता येत होतं, तिथे दोन पिढ्यांत जवळपास सगळे साक्षर झाले. मुली शाळेत गेल्या, डॉक्टर झाल्या, इंजिनीअर झाल्या. हे नाकारून पुढे जाऊ नये.

मग बिघडलं कुठे?

सोव्हिएत संघात १९२१ साली 'गोसप्लान' नावाचं नियोजन मंडळ स्थापन झालं आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. योजना आपल्याकडेही होत्या. पण आपला शेतकरी काय पेरायचं ते स्वतः ठरवू शकत होता. तिथे कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा, तो कुणाला द्यायचा, कोणत्या भावाने द्यायचा, हे सगळं वरून ठरायचं. म्हणून तिला हुकमी अर्थव्यवस्था म्हणतात. बाजारात एखादी वस्तू कमी पडली की भाव वाढतो आणि तो भावच सगळ्यांना खबर देतो. तिथे भावच सरकारने ठरवलेला, म्हणून तो काहीच सांगत नसे. खबर यायची ती फक्त खालून वर जाणाऱ्या अहवालातून. आणि अहवाल लिहिणाऱ्याची नोकरी, बढती, कधीकधी जीवही त्या आकड्यावर अवलंबून असायचा.

मॉस्कोने ठरवलं की उझ्बेकिस्तानने कापूस पिकवायचा. 'पांढरं सोनं' असं त्याला नाव दिलं. आमू दर्या आणि सिर दर्या या दोन मोठ्या नद्यांचं पाणी कालव्यांनी वाळवंटात वळवलं. या नद्या अरल समुद्राला मिळत होत्या. १९६० साली अरल हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होतं, सुमारे ६८,००० चौरस किलोमीटरचं. म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठं. नद्या तुटल्या आणि ते आटत गेलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथली व्यापारी मासेमारी संपली. मोयनाक हे मासेमारीचं बंदर होतं. आज तिथे वाळूत गंजलेल्या बोटी उभ्या आहेत. उघड्या पडलेल्या तळावरचं मीठ आणि शेतांतून वाहून आलेली कीटकनाशकं वाऱ्याबरोबर उडून काराकल्पाकस्तानातल्या लोकांच्या फुप्फुसांत गेली.

समुद्र आटतो आहे हे कोळ्यांना दिसत नव्हतं का? शास्त्रज्ञांना कळत नव्हतं का? सगळ्यांना कळत होतं. पण योजनेत कापसाच्या टनांचा रकाना होता, समुद्राच्या पाण्याचा नव्हता. आणि कोळ्यांच्या बाजूने लिहील असं स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हतं.

आता आकड्यांकडे येऊ. १९५९ पासून शराफ रशीदोव हे उझ्बेकिस्तानचे पक्षप्रमुख होते. मॉस्कोकडून कापसाचं उद्दिष्ट वाढत वाढत वर्षाला ६० लाख टनांपर्यंत गेलं. जमीन तेवढीच, पाणी तेवढंच. एवढा कापूस पिकणं शक्य नव्हतं, आणि 'शक्य नाही' असं म्हणणाऱ्याची खुर्ची राहणार नव्हती. म्हणून कापूस कागदावर पिकू लागला. सामूहिक शेतीच्या प्रमुखाने आकडा वाढवला, जिल्ह्याने त्यात भर घातली, जिनिंग कारखान्याने पावती दिली. रशियातल्या गिरण्यांना अर्धे रिकामे डबे पोहोचत आणि तिथले अधिकारी पैसे घेऊन 'माल पूर्ण मिळाला' अशी सही करत. जो कापूस नव्हताच, त्याचे अब्जावधी रूबल सरकारी तिजोरीतून गेले. खरा कापूस वेचायला मात्र दर हिवाळ्याआधी शाळा-कॉलेजं रिकामी करून मुलांना शेतात नेलं जायचं.

नोव्हेंबर १९८२ मध्ये ब्रेझनेव्ह वारले, आंद्रोपोव्ह आले आणि चौकशी सुरू झाली. ऑक्टोबर १९८३ मध्ये रशीदोव यांचा मृत्यू झाला. हजारो लोकांवर खटले भरले गेले. ब्रेझनेव्ह यांचे जावई युरी चुर्बानोव्ह गृहखात्यात उपमंत्री होते. त्यांनाही १९८८ साली बारा वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे पैसा मॉस्कोपर्यंत पोहोचत होता. पण या प्रकरणाला वर्तमानपत्रांनी नाव काय दिलं? 'उझ्बेक प्रकरण'.

इथे जरा थांबा. खोटा आकडा जन्माला घालणारी व्यवस्था मॉस्कोची, अशक्य उद्दिष्ट मॉस्कोचं, लाच खाणारे दोन्हीकडचे. डाग मात्र एका अख्ख्या समाजावर. सामान्य उझ्बेक शेतकऱ्याला वाटलं, आमचं पाणी गेलं, आमची मुलं शेतात राबली, आणि चोरही आम्हीच? ही भावना कशी असते ते या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तिथे मॉस्कोवरचा विश्वास उडाला तो असा.

मग मी विचार केला, या समाजात खरं बोलणारे कुणीच नव्हते का? होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य आशियात 'जदीद' नावाचे मुस्लीम सुधारक होते. नव्या पद्धतीच्या शाळा काढा, मुलींना शिकवा, आपल्याच रूढी तपासून पाहा, असं ते सांगत. कुठल्याही हुकमाशिवाय, आतून. अब्दुर्रऊफ फितरत, कवी चोल्पान, कादंबरीकार अब्दुल्ला कादिरी हे त्यातले मोठे लोक. ऑक्टोबर १९३८ मध्ये, स्टॅलिनच्या काळात, तिघांनाही गोळ्या घातल्या गेल्या.

आणि सुधारणा? तीही उद्दिष्ट ठरवून केली. १९२७ साली महिला दिनी 'हुजूम' म्हणजे हल्ला, या नावाने बुरखा उतरवण्याची मोहीम सुरू झाली. चौकात बुरखे जाळले, किती जणींनी उतरवले त्याचे आकडे वर गेले. दुसऱ्या दिवशी त्या बाया आपल्याच गल्लीत एकट्या होत्या. शेकडो जणींचे खून झाले, अनेकींनी पुन्हा बुरखा घेतला. खून करणारे त्यांच्याच गावचे, घरचे पुरुष होते, ही लाज आपण लपवायची नाही. पण बाईला स्वतः ठरवता येणं ही सुधारणा, आणि बाईचा आकडा होणं ही कापसासारखीच गोष्ट, एवढा फरक आपण लक्षात ठेवू.

तुमच्यातले कॉम्प्युटरवाले विचारतील, चांगलं सॉफ्टवेअर असतं तर हे टळलं असतं का? प्रयत्न झाला होता. कीवचे विक्टर ग्लुश्कोव्ह यांनी १९६० च्या दशकात सगळा देश संगणकांच्या जाळ्याने जोडायची योजना मांडली. १९७० साली वरिष्ठांनी ती गुंडाळली. खात्यांना आपापली माहिती दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती. पण समजा जाळं झालं असतं, तरी त्यात खोटाच कापूस भरला गेला असता, फक्त जास्त वेगाने. मी माझ्या हिरव्या रंगावरून सांगतो, माणसाला खरं भरायची भीती वाटत असेल तर मशीन काही करू शकत नाही.

१९८५-८६ मध्ये तेलाचे भाव घसरले. धान्य आयात करायला लागणारं परकीय चलन आटलं. गोर्बाचेव्ह यांनी मोकळेपणा आणला तेव्हा इतकी वर्षं दाबलेल्या खऱ्या गोष्टी एकदम बाहेर आल्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. उझ्बेकिस्तान स्वतंत्र झाला, लेनिनचे पुतळे उतरले. राष्ट्राध्यक्ष झाले ते मात्र जुनेच पक्षप्रमुख, इस्लाम करीमोव्ह. कापसाचं सरकारी उद्दिष्ट राहिलं, मुलांना शेतात नेणंही बरीच वर्षं राहिलं. करीमोव्ह २०१६ साली वारले. कापसाची सक्तीची उद्दिष्टं बंद झाली २०२० साली. झेंडा बदलला तरी हुकूम तीस वर्षं टिकला. म्हणून मी म्हणतो, हा प्रश्न फक्त लाल रंगाचा नाही. २००८ साली अमेरिकेतल्या बँकांनी बुडीत कर्जांवर 'उत्तम' असा शिक्का मारून घेतला होता. तोही कागदावरचा कापूसच होता. फरक एवढाच की तिथे त्यावर उघडपणे लिहिणारे, कोर्टात जाणारे, सरकार बदलणारे लोक होते.

यातून आपण काय घ्यायचं? समतेचं स्वप्न टाकून द्या, असं मी सांगणार नाही. अमर शेखांची भूक खरी होती, ती आजही अनेक मोहल्ल्यांत आहे. पण ते स्वप्न पाहणाऱ्या प्रत्येक संघटनेत, आपल्याही, 'हा आकडा खोटा आहे' असं म्हणणाऱ्याची जागा पक्की असली पाहिजे. जमातीचा हिशेब कुणी मागितला तर त्याला गद्दार म्हणू नका. शाळेच्या पटावर दोनशे मुली आणि वर्गात साठ असतील, तर साठच लिहा. ते साठ ऐकायला कडू लागतील, पण तिथूनच काम सुरू करता येतं. आणि आपल्यातल्या चुका बोलल्या की विरोधक त्याचा वापर करतील, ही भीती मलाही वाटते. उझ्बेकिस्तानात तसं झालंही. पण लपवल्यामुळे त्यांची बदनामी टळली नाही, आणि समुद्रही गेला.

अरलच्या उत्तरेकडे कझाकस्तानने २००५ साली एक बांध घातला. थोडं पाणी परत आलं, मासे आले, काही गावांत कोळी पुन्हा जाळी टाकू लागले. सगळा समुद्र परत येणार नाही. जेवढा उरलाय तेवढा मोजून, खरा आकडा धरून त्यांनी काम केलं.

मी आता सोमवारचा अहवाल भरताना लाल असेल तर लाल भरतो. दोनदा बोलणी खाल्ली. माझ्या टीममधला सर्वांत नवा मुलगा मात्र मागच्या महिन्यात स्वतःहून येऊन म्हणाला, "सर, माझं काम अडलंय." त्या दिवशी मी त्याला रागावलो नाही, एवढंच मी शिकलोय.

प्रश्न विचारा. माझं काही चुकलं असेल तर तेही सांगा.