मिमीचा खोकला

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘माहिती तंत्रज्ञान आणि ग्रामीण विद्यार्थी’ असा विषय छापला आहे. त्याची तयारीही मी केली होती. पण काल संध्याकाळी हातखंबा तिठ्यावर उतरले, चौपदरीकरणानं ओळखू न येणारा तो तिठा पाहिला, आणि ठरवलं की संगणकावर बोलायला इथे माझ्याहून तरुण मुलं आहेत. मी एका नाटकाविषयी बोलणार आहे. मुख्याध्यापकांची आगाऊ माफी मागते.

सप्टेंबर २०१७. आमच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. माझ्या टीममध्ये एक गोव्याचा सहकारी आहे, चर्चच्या गायनवृंदात गातो. तो म्हणाला, “एनसीपीएला पुच्चिनीचा ‘ला बोहेम’ लागलाय. त्यापेक्षा रोमँटिक काही नाही. नवऱ्याला घेऊन जा.” मुंबईत आम्हा कोकणवाल्यांना ऑपेरा म्हणजे गिरगावातला बसचा स्टॉप. तिथलं खरं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद होतं, २०१६ ला पुन्हा उघडलं. हा खेळ मात्र नरिमन पॉइंटला, जमशेद भाभा नाट्यगृहात. वाशीहून हार्बरनं सीएसटी, पुढे टॅक्सी, बाहेर पाऊस, अंगावर ठेवणीतली साडी. नवरा म्हणाला, “झोप लागली तर उठवू नकोस.”

आपण संगीत नाटकं पाहिली आहेत, म्हणजे निदान आपल्या आईवडिलांनी तरी. तिथे गद्य चालू असतं आणि मधे पद येतं. या ऑपेरात गद्य नाहीच. ‘दार लाव’ हेसुद्धा गाऊन सांगायचं. सगळं इटालियन, पण रंगमंचाच्या वर एक पट्टी असते, तिच्यावर इंग्रजी भाषांतर उमटत राहतं. ही सोय १९८३ साली टोरंटोत सुरू झाली. त्याआधी लोक काय करत असतील देव जाणे.

माझ्यातली इंजिनिअर पहिली दहा मिनिटं माईक शोधत होती. माईक नव्हताच. समोर खड्ड्यात अख्खा वाद्यवृंद, पुढे अकराशेच्या आसपास खुर्च्या, आणि एक मुलगी साध्या गळ्यानं गातेय ते शेवटच्या रांगेत ऐकू येतंय. घरी येऊन वाचलं. योहान सुंडबर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं याचा उलगडा केला आहे. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, पुढे तो उतरत जातो. तयार गवय्या घशाची ठेवण अशी करतो की त्याच्या आवाजाला ३००० हर्ट्झच्या आसपास एक उंचवटा येतो. तिथे वाद्यांची गर्दी नसते, आणि माणसाचा कानही तिथेच सर्वांत तिखट असतो. म्हणजे ओरडून नाही, मोकळी जागा शोधून तो आवाज पोचतो. आपल्याकडे नमनात मृदंगावरून ज्यांचा आवाज पलीकडच्या वाडीत जायचा, त्यांनाही हे जमत असावं असं मला वाटतं.

पण मला बोलायचंय ते गोष्टीबद्दल. १८३० च्या सुमाराचं पॅरिस. चार कफल्लक तरुण एका माळ्यावरच्या खोलीत राहतात. थंडी इतकी की रोडोल्फो आपल्याच नाटकाचे कागद शेगडीत घालतो. घरमालक भाड्याला येतो, त्याला दारू पाजून पिटाळतात. मला हसू आलं, कारण ही खोली मला माहीत होती. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील परळ-लालबागला गावच्या मंडळाच्या खोलीत राहिलेत. भिंतीला ट्रंका, वरती वळकट्या, आणि पाळी बदलली की एकाच्या जागेवर दुसरा आडवा. माझे बाबाही तसेच राहिले. १९८२ च्या संपात गिरणी गेली, मग ते भिवंडीला मागावर होते.

शेजारच्या खोलीतली मिमी, कशिदा काढून पोट भरणारी, विझलेली मेणबत्ती पेटवायला येते. तिची किल्ली पडते, अंधारात दोघं शोधतात आणि त्याच्या हाताला तिचा गार हात लागतो. इथवर नवरा जागा होता, चक्क माझा हात धरून बसला होता. मध्यंतरात आम्ही कॉफी प्यायलो. सहकारी खोटं बोलला नव्हता.

मध्यंतरानंतर तिसरा अंक. पहाट, बर्फ. रोडोल्फो मित्राला सांगतोय की मिमी चंचल आहे, मला तिला सोडायचंय. मित्र विश्वास ठेवत नाही. मग तो खरं बोलतो: तिला क्षय आहे, माझी खोली थंड आहे, माझ्याजवळ राहिली तर मरेल. मिमी झाडाआड उभी राहून हे ऐकतेय. आणि तिला खोकला येतो.

१९९० च्या पावसाळ्यात बाबा भिवंडीहून खोकत घरी आले. मी सहावीत होते. सिव्हिलमध्ये निदान झालं, क्षय. आई रत्नागिरीच्या एसटीत त्यांना घेऊन जायची. दोन महिने इंजेक्शनं, पुढे वर्षाहून जास्त गोळ्या. औषध सरकारी, फुकट. अंडी आणि दूध फुकट नव्हतं, त्यापायी आईच्या कुड्या सोनाराकडे गेल्या. (शेवटच्या अंकात औषधासाठी म्युझेटा कानातले विकायला काढते, तेव्हा मी पट्टी वाचणं सोडून दिलं.) बाबांचं अंथरूण पडवीत, ताट-तांब्या वेगळा. औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत लागण होण्याचं भय जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. विश्वास कोणी ठेवला नाही, आम्हीसुद्धा नाही. बाहेर सांगायचं, दमा आहे.

त्या दिवसांत एका रात्री मी पडवीच्या दाराआड उभी होते. बाबा आईवर डाफरत होते. “तुझं तोंड बघायला नको मला. पोरांना घे नि माहेरी जा.” अकरा वर्षांच्या मुलीनं त्याचा अर्थ जो लावायचा तो लावला. बाबांना आम्ही नको आहोत. बाबा बरे झाले, पुढे २००९ पर्यंत जगले, माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यांनी कलमांची बाग दुसऱ्याला कसायला दिली. तरी माझ्या मनातला तो काटा निघाला नव्हता. तो खोकला ऐकला आणि अंधारात मला हुंदका फुटला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं.

खेळ संपल्यावर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गप्प. मग म्हणाला, “म्हणजे मुलीच्या खोकल्याच्या वेळी डॉक्टरांनी घरातल्या आजारांचं विचारलं, तेव्हा तू दमा सांगितलास. माझ्यासमोर.” सांगितला होता. सवयीनं. फाइलमध्ये तसं लिहिलंही गेलं होतं, आणि डॉक्टर त्या दिशेनं विचार करत होते. तो असा चिडलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. रोमँटिक संध्याकाळ भांडणात गेली, मग बोलण्यात गेली, आणि शेवटची लोकल चुकली. दुसऱ्या दिवशी फोन करून फाइल दुरुस्त केली. मुलीला तसलं काही नव्हतं.

हे तुम्हाला सांगण्याचं कारण म्हणजे माझा डबा. सहावी-सातवीत मी कुंपणाच्या कडेला पाठ करून डबा खायचे, कोणाला घास द्यायचे नाही. तुम्ही मला ‘चिंगूस’ म्हणायचात, दहावीच्या निरोप समारंभातसुद्धा. मला वाटायचं, बाबांचं ताट वेगळं तर माझाही डबा वेगळाच असला पाहिजे, नाहीतर तुम्हाला काहीतरी होईल. राग कधीच नव्हता. आज आपल्या वर्गात डॉक्टर आहेत, आशा सेविका आहेत. तुमच्यासमोर कोणी ‘दमा’ म्हणालं तर अजून एकदा विचारा, एवढंच.

त्या दिवाळीत आईला लॅपटॉपवर हा ऑपेरा दाखवला, एकेक वाक्य सांगत. तिला गाण्यांपेक्षा भाड्याची काळजी जास्त होती. मिमी मरते ते खोलीतल्या सगळ्यांना कळतं, रोडोल्फोला सर्वांत शेवटी, इतरांचे चेहरे बघून. आईनं विचारलं, “इंजेक्शनं नव्हती काय गो तेव्हा?” मी म्हटलं, नव्हती. हा ऑपेरा १८९६ साली तुरिनला पहिल्यांदा झाला, तेव्हा कॉखनं जंतू शोधून चौदा वर्षं झाली होती, पण स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं. “मग तो बिचारा काय करणार,” आई म्हणाली.

मग मी तिला ती पडवीतली रात्र विचारली. तिला आठवत होती.

“ते नाटक मला तेव्हाच कळलेलं. त्यांना कधी नाटक जमलं नाही. नमनातपण मागे टाळ धरून उभे करायचे.”