वैद्यकीय नियतकालिके आणि संपादकाचे स्वातंत्र्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण कार्यवाहांनी मला दिले, तेव्हा सरकारी नोकरीतील बदल्यांच्या गमतीजमती मी सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळविला तेव्हा दूरध्वनीवर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण साहेब, आपण डॉक्टर नाही ना?" नाही. मी साधा बी. ए. आहे आणि जवळजवळ तीस वर्षे केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा खात्यात दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलो आहे. तरीही हा विषय मी का निवडला, हे आधी सांगितले पाहिजे.

२००३ साली माझी नेमणूक ग्वाल्हेरला होती आणि आई आमच्याकडे होती. तिचे गुडघे फार दुखत. डॉक्टरांनी रोफेकॉक्सिब नावाच्या औषधाच्या गोळ्या दिल्या आणि तिला खरोखरच आराम पडला; ती जिना चढू लागली. सप्टेंबर २००४ मध्ये मूळ निर्मात्या कंपनीने हे औषध जगभरातून मागे घेतले, कारण त्याने हृदयविकाराचा धोका वाढतो असे सिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडेही त्यावर बंदी आली. सुदैवाने आईला काही झाले नाही. पण गोळ्यांची उरलेली पट्टी केरात टाकताना ती जे म्हणाली ते माझ्या मनातून गेले नाही. "अरे, डॉक्टरांनी कुठंतरी छापलेलं वाचूनच दिलं असेल ना?"

छापलेले होतेच. अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' हे १८१२ पासून निघणारे, जगातील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिक. नोव्हेंबर २००० मध्ये त्यात या औषधाच्या चाचणीचा अहवाल आला. पोटाला त्रास कमी, हा त्यातील मुख्य निष्कर्ष होता. हृदयविकाराचे झटके तुलनेच्या औषधापेक्षा जास्त आढळले होते; तथापि ते दुसरे औषधच हृदयाचे रक्षण करीत असावे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. पुढे डिसेंबर २००५ मध्ये संपादकांनी जाहीर केले की, तीन झटक्यांची माहिती त्या अहवालात आलेलीच नाही. ते झटके ठरलेल्या मुदतीनंतरचे होते, असे लेखकांचे उत्तर होते. तो वाद मी सोडवू शकत नाही. माझ्या लेखापरीक्षकी नजरेला टोचली ती दुसरीच गोष्ट. त्या लेखाच्या नऊ लाखांहून अधिक छापील प्रती नियतकालिकाने विकल्या आणि त्यांतील बहुतेक औषध कंपनीनेच घेतल्या, असे २००६ मध्ये वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. संपादकांच्या हेतूवर मी संशय घेत नाही. परंतु एखाद्या कार्यालयाला ज्याच्याकडून मोठी मिळकत होते त्याचीच तपासणी त्या कार्यालयाने करावयाची असेल, तर आमच्या खात्यात आम्ही त्या कागदावर तांबड्या शाईने खूण करतो.

तेव्हापासून ही नियतकालिके कोण चालवतो, त्यांचा धनी कोण आणि संपादकाला घरी कोण पाठवू शकतो, हे वाचण्याचा मला छंद लागला. सुटीच्या दिवशी लोक ताश खेळतात, मी हे वाचतो. आमच्या सौभाग्यवतींना यात विशेष काही वाटत नाही.

वैद्यकीय नियतकालिकाची जातकुळी वृत्तपत्राहून वेगळी आहे. त्याचा मालक बहुधा डॉक्टरांचीच संघटना असते. संपादकही डॉक्टर, लेखकही डॉक्टर, वाचकही डॉक्टर. ज्याच्याबद्दल लिहिलेले असते तो रोगी मात्र या व्यवहारात कोठेच नाही. त्यामुळे संपादकाने आपल्याच बिरादरीला न रुचणारे काही छापले की घरातच कुरबूर सुरू होते. ही कुरबूर जुनी आहे. लंडनमध्ये थॉमस वाकली यांनी १८२३ साली 'लॅन्सेट' काढले. १८२८ मध्ये एका नामांकित रुग्णालयातील मुतखड्याची फसलेली शस्त्रक्रिया त्यांनी बारीकसारीक तपशिलांसह छापली. शस्त्रक्रिया करणारे गृहस्थ एका बड्या शल्यविशारदाचे पुतणे होते, आणि ती जागा त्यांना नात्यामुळे मिळाली असा लेखाचा रोख होता. अब्रुनुकसानीचा दावा झाला, दोन हजार पौंडांची मागणी झाली आणि न्यायालयाने शंभर पौंड देवविले. वाकलींचा खर्च लोकांनी वर्गणी काढून भरला. पण वाकली स्वतःच मालक होते, त्यांना काढून टाकणारे कोणी नव्हते. संपादक पगारी नोकर असला म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो.

आपल्या मराठी मुलखालाही तो प्रश्न परका नाही. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर. मंडळी एका विचाराची, एकत्र तुरुंग भोगलेली. पण सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा १८८७ मध्ये आगरकर 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. आगरकरांना वेगळे पत्र काढणे शक्य झाले. शंभर वर्षांची परंपरा असलेल्या वैद्यकीय नियतकालिकाचा संपादक सहसा असे करू शकत नाही. खुर्ची गेली की परंपराही दुसऱ्याच्या हाती जाते.

१९९९ हे वर्ष या बाबतीत फार वाईट गेले. जानेवारीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपल्या मुखपत्राचे सतरा वर्षांचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना काढले. विद्यार्थ्यांच्या लैंगिक समजुतींसंबंधी १९९१ च्या पाहणीवर आधारलेला एक लेख त्यांनी छापला होता आणि नेमका तेव्हा अध्यक्ष क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचा खटला सिनेटपुढे चालू होता. वेळ साधून राजकारणात ढवळाढवळ केली, असा आरोप होता. त्याच वर्षी जुलैत 'न्यू इंग्लंड जर्नल'चे संपादक जेरोम कॅसिरर यांचा करार पुढे चालू न ठेवण्याचे तेथील संघटनेने जाहीर केले. तेथे भांडण एखाद्या लेखाचे नव्हते. नियतकालिकाचे नाव संघटनेच्या इतर प्रकाशनांना लावून बाजारात वापरण्यास त्यांचा विरोध होता.

परंतु मला सर्वांत शिकवून गेले ते कॅनडाचे प्रकरण, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. कॅनेडियन मेडिकल असोसिएशनचे नियतकालिक १९११ पासूनचे. १९९६ पासून जॉन होई हे त्याचे प्रमुख संपादक. २००५ मध्ये कॅनडात आणीबाणीची गर्भनिरोधक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषधविक्रेत्याकडून मिळू लागली. गोळी मागणाऱ्या स्त्रीला काही विक्रेते नाव, पत्ता आणि अत्यंत खाजगी प्रश्न विचारीत आहेत, असे वार्ताहरांच्या कानावर आले. त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील तेरा स्त्रियांना ती गोळी विकत घेऊन आपला अनुभव सांगण्यास सांगितले. बातमी छापण्यापूर्वीच औषधविक्रेत्यांच्या संघटनेने डॉक्टरांच्या संघटनेकडे तक्रार केली आणि तेथून प्रकाशकामार्फत संपादकाकडे निरोप आला. त्या स्त्रियांचे अनुभव गाळून बातमी डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली.

होई यांनी बातमी कापली, पण कापल्याचे लपविले नाही. पुढील अंकात त्यांनी संपादकीय लिहून वाचकांना सांगितले की, आमच्या स्वायत्ततेवर आघात झाला आहे. आणि चौकशीसाठी एक समिती बोलाविली. तीत कोण होते? १९९९ मध्ये स्वतः खुर्ची गमावलेले कॅसिरर! फेब्रुवारीत नव्या केंद्रीय आरोग्यमंत्र्यांविषयीच्या एका बातमीवरून पुन्हा खटका उडाला आणि २० फेब्रुवारी २००६ रोजी होई व त्यांच्या ज्येष्ठ सहकारी अॅन मेरी टॉडकिल यांना काढून टाकण्यात आले. पाठोपाठ हंगामी संपादक गेले, संपादक मंडळाचे बहुतेक सदस्य गेले. त्यांतील काही जणांनी २००७ मध्ये 'ओपन मेडिसिन' नावाचे नवे नियतकालिक काढले. म्हणजे आगरकरांचाच मार्ग. परंतु २०१४ मध्ये ते बंद पडले.

असोसिएशनने मग रिचर्ड पाउंड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने जुलै २००६ मध्ये पंचवीस शिफारशी केल्या आणि असोसिएशनने त्या सर्व स्वीकारल्या. मालक आणि संपादक यांच्यामध्ये देखरेख समिती असावी, संपादकाचे अधिकार लेखी असावेत, अशी व्यवस्था उभी राहिली. येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. २०१६ च्या फेब्रुवारीत असोसिएशनने तेव्हाच्या संपादकांना पुन्हा दूर केले आणि त्याच वेळी ती देखरेख समितीही बरखास्त केली. कारण ती समिती मुळात असोसिएशनच्याच मर्जीने जगत होती. ऑस्ट्रेलियातही आदल्या वर्षी असेच घडले होते. निर्मितीचे काम एका परदेशी प्रकाशकाकडे सोपविण्यास संपादकांनी हरकत घेतली आणि त्यांची गच्छंती झाली.

आता मी माझ्या घरच्या मैदानात येतो. आपल्या राज्यघटनेच्या १४८ व्या कलमाप्रमाणे नियंत्रक व महालेखापरीक्षकांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांप्रमाणेच पदच्युत करावे लागते. नेमणुकीनंतर त्यांचे वेतन त्यांना अहितकारक होईल असे बदलता येत नाही. कार्यालयाचा प्रशासकीय खर्च संचित निधीवर भारित असतो, आणि पद सोडल्यावर सरकारात दुसरी जागा घेता येत नाही. घटनाकारांनी असे गृहीत धरले नाही की, या पदावर नेहमी धैर्यवान पुरुषच येईल. साधा, संसारी, पेन्शनची काळजी करणारा माणूस आला तरी त्याला खरे लिहिता यावे, अशी सोय त्यांनी केली. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, जी १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथील बैठकीतून जन्मली, तिचेही म्हणणे याच धर्तीचे आहे. संपादकाला नेमण्याचा व काढण्याचा मालकाचा हक्क ती नाकारीत नाही. पण काय छापावे आणि केव्हा छापावे हे संपादकच ठरवील, काढावयाचे तर गंभीर कारणासाठी काढावे, आणि संपादकाला व्यवस्थापकाच्या मध्यस्थीशिवाय सर्वोच्च मंडळापुढे जाता यावे, असे ती सांगते.

कोणी म्हणेल, संपादक चुकला तर? चुकतो. मुंबईत १९९३ साली डॉ. सुनील पंड्या यांच्या संपादकत्वाखाली वैद्यकीय नीतिशास्त्राचे एक छोटे पत्रक निघाले. आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' म्हणून ते ओळखले जाते. ते कोणा बड्या संघटनेचे मुखपत्र नाही. २०१८ मध्ये त्यात स्वीडनमधील कर्करोगाविषयी एक लेख आला आणि लेखकाचे नाव व संस्था दोन्ही खोटी निघाली. संपादकांनी प्रथम दुरुस्ती देऊन लेख ठेवला, मग टीका झाल्यावर तो मागे घेतला. पहिला निर्णय मला चुकीचा वाटतो. परंतु चूक, कारणे आणि माघार, सारे वाचकांसमोर छापून झाले. कोणाच्या बंद दाराआड नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर घरीही पुरती सांगितलेली नाही. वीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात, तेथील मंडळाचे त्रैमासिक मी संपादित करीत होतो. शहराचे नाव सांगत नाही. एका निवृत्त शिक्षकांनी टिपण दिले की, सभागृहासाठी जमविलेल्या देणग्यांचा हिशेब चार वर्षे सभेपुढे आलेला नाही. टिपण नम्र होते, आकडे बरोबर होते. मी ते तपासले होते, तेवढे मला येते. रात्री अध्यक्षांचा दूरध्वनी आला. "अहो, घरातली गोष्ट. चव्हाट्यावर कशाला?" दिवसभर सरकारचे हिशेब तपासणाऱ्या मी ते टिपण काढले आणि त्या जागी पावसाळ्यातील चार पाककृती घातल्या. वाचकांना काही सांगितले नाही. होई यांनी निदान सांगितले होते. गुरुजींनी मला कधी विचारले नाही. ते गणेशोत्सवाला आरतीपुरते येत आणि लांबूनच नमस्कार करीत. ते आता हयात नाहीत.

मला त्या मंडळाने काढले असते काय? कदाचित नसते. पण मंडळाच्या घटनेत संपादकाचा उल्लेखच नव्हता. सतरंज्या आणि खुर्च्या पाहणाऱ्या सभासदाइतकाच माझा अधिकार होता, आणि त्यामागे लपणे मला सोयीचे झाले.

आपल्या मंडळाच्या येत्या वार्षिक सभेपुढे मी एक दुरुस्ती ठेवली आहे, ती आपणांपैकी काहींनी सूचनाफलकावर पाहिली असेल. संपादकाची मुदत तीन वर्षांची असावी, मुदतीपूर्वी त्यास दूर करावयाचे झाल्यास कारण लेखी देऊन सर्वसाधारण सभेनेच करावे, आणि अंकासाठीची रक्कम वर्षारंभी ठरवून मध्येच रोखू नये. अध्यक्ष महोदयांचा तिला विरोध आहे आणि तो त्यांनी मला समक्ष, चहा देऊन सांगितला आहे. त्यांचे म्हणणे असे की, दीडशे कुटुंबांच्या मंडळाला एवढा लेखी कारभार कशाला. त्यांच्या म्हणण्यातही तथ्य असेल. सभेत दोन्ही बाजू ऐकू.

कार्यवाहांनी मघाच चिठ्ठी पाठविली आहे की, नऊ वाजता सभागृहाच्या किल्ल्या परत द्यावयाच्या आहेत. प्रश्न असतील तर विचारावेत, औषधांविषयीचे मात्र डॉक्टरांना विचारावेत.